कोतवालाचा हिशेब

उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी भैरवगढ वसले आहे. तेथील काळभैरवाला लोक उज्जयिनीचा कोतवाल मानतात आणि शिंदे घराण्याकडून त्याला पगडी अर्पण करण्याची परंपरा आहे. याच भैरवगढात उज्जैनचे मध्यवर्ती कारागृहही आहे. देवाच्या कोतवालीचा हिशेब कोणी मागत नाही. माणसाच्या कोतवालीचा मात्र मागावाच लागतो. तो कोणत्या मापाने मागावा, हा प्रश्न फार जुना आहे.

जुने माप सरळ होते. चोर व चोरीचा माल कोतवालाने शोधावा, न सापडल्यास नुकसानीस तोच जबाबदार, असा दंडक ‘आईन-इ-अकबरी’त आहे. मराठी मुलखात जागल्या चोराचा माग काढीत असे. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी पुढील गावावर जाई. गावातच थांबला तर भरपाई त्या गावाला चुकत नसे. या रीतीत निरपराध्यांवरही भार पडे. परंतु ज्याचे गेले त्याला काय मिळाले, हीच त्या हिशेबातील मुख्य बाब होती.

1861 च्या पोलीस कायद्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानात वर्दीचे दल रुजले आणि त्यामागोमाग तक्ते आले: गुन्हे किती नोंदले, किती उघडकीस आले, शिक्षा किती झाल्या. तक्ता नीटनेटका ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे फिर्यादच न नोंदणे! लॉर्ड कर्झनच्या काळी, 1902 साली नेमलेल्या फ्रेझर आयोगाने केवळ आकड्यांवरून पोलिसांची पारख करण्याच्या प्रथेला दोष दिला.

स्वातंत्र्यानंतर 1953 या वर्षापासून देशभरातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल निघू लागला. 1986 साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला व पुढे ते काम त्याच्याकडे आले. एका घटनेत अनेक गुन्हे घडले, तर या अहवालात त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे हा विभागच बजावतो. वाचणारे मात्र तेच विसरतात.

पोलिसांच्या कामाचे मूल्यमापन राज्य सुरक्षा आयोगाने करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली प्रकाश सिंह खटल्यात सांगितले. त्याचा अंमल अनेक राज्यांत अर्धामुर्धाच राहिला. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदलीच पाहिजे, असा निर्णय 2013 साली घटनापीठाने दिला. कायद्यात आधीच असलेले कर्तव्य न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, यातच सारे आले.

भैरवगढच्या कारागृहासारख्या तुरुंगांचाही वार्षिक हिशेब 1995 पासून प्रसिद्ध होतो. 2022 च्या अखेरीस देशातील 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 जणांचा खटला अद्याप निकालात निघालेला नव्हता. अटकांची संख्या हीच कर्तबगारी मानली, तर हा आकडा भूषणाचा ठरेल. न्याय हे माप धरले, तर तो लाजेचा आहे. तपास, खटला व जामीन या तिन्ही ठिकाणचा विलंब त्यात साठलेला असतो.

गुन्ह्यांचा आकडा चढला म्हणून ठाणेदाराला धारेवर धरणारा वरिष्ठ आणि तो उतरला म्हणून त्याची पाठ थोपटणारा मंत्री, दोघेही नकळत फिर्यादीला ठाण्याच्या दाराबाहेर उभे करतात. ती फिर्याद निर्भयपणे लिहून घेतली जाते काय, हाच कोतवालीच्या हिशेबातील पहिला प्रश्न होय.