पंचवीसची रेघ : डिंडोली आणि बॅटरीची दुचाकी

डिंडोली ही सुरत शहराच्या आग्नेय भागातील वस्ती. उधना जंक्शनपासून पूर्वेकडे वळणारा तापी खोऱ्याचा लोहमार्ग या परिसरातून निघतो आणि बारडोली, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत जळगावला पोहोचतो. १९०० पर्यंत पुऱ्या झालेल्या या मार्गाने खानदेश सुरतेला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर सुरतेत यंत्रमाग आणि कापड रंगाई-छपाईचे कारखाने वाढले, तेव्हा धुळे, जळगाव, नंदुरबार भागातील शेतमजूर आणि कोरडवाहू शेतकरी याच गाडीने कामाला आले. लिंबायत, उधना, पांडेसरा, गोडादरा, नवागाम आणि डिंडोली येथे त्यांनी घरे केली. आजही येथे घरोघरी अहिराणी आणि मराठी ऐकू येते, आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवते. २००६ च्या हद्दवाढीत शहराचे क्षेत्र सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ चौरस किलोमीटरवर गेले आणि शहराभोवतीची अनेक गावे महापालिकेत आली. शहर असे पसरले की कामाची जागा आणि घर यांच्यातील अंतर वाढते. या भागातील दुचाकीचा इतिहास त्या अंतराशी जोडलेला आहे.

कष्टकऱ्याचे पहिले वाहन सायकल होते. जेवणाचा डबा कॅरिअरला लावून पाळी गाठणारा कामगार हे गिरणगावांतले नेहमीचे दृश्य होते. सुरत १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात होते, त्याआधी मुंबई इलाख्यात. त्या काळी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि कर भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देत. रात्री दिवा नसेल तर शिपाई अडवत असे. म्हणजे सायकलीलाही नियम होते. मात्र चालवण्याचा परवाना, वाहनाची नोंदणी आणि विमा यांतून ती मोकळी होती. १९१४, १९३९ आणि १९८८ चे मोटार वाहन कायदे इंजिनाच्या गाड्यांसाठी झाले. चाक माणसाच्या पायाने फिरते की इंजिनाने, एवढा एकच प्रश्न विचारला की सायकल आणि मोटार वेगळ्या करता येत होत्या.

या सरळ विभागणीला पहिला धक्का मोपेडने दिला. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सीसी इंजिनाची लूना बाजारात आणली. तिला पायंडल होते, वजन कमी होते आणि गिअर नव्हते. सायकल चालवता येणाऱ्या कोणालाही ती चालवता येई. तरीही कायद्याने तिला मोटार वाहनच मानले. नंबर, परवाना आणि विमा तिला लागू झाले. पुढे कायद्यात ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी परवान्याचे किमान वय १६ आणि इतर वाहनांसाठी १८ असे ठरले. गाडीची ताकद इंजिनाच्या घनफळात मोजायची, हे सूत्र त्यातून पक्के झाले.

विजेच्या मोटारीत सीसी मोजण्यासारखे काही नसते. त्यामुळे बॅटरीची दुचाकी आली तेव्हा जुने माप निरुपयोगी ठरले. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ‘बॅटरीवर चालणारे वाहन’ याची व्याख्या घालण्यात आली आणि तिच्यात सवलतीची अट आली. मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून गाडीचे वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे तांबडा परावर्तक, एवढे सगळे जुळले तर ती दुचाकी मोटार वाहन समजली जात नाही. पायंडलला मोटारीची मदत देणाऱ्या सायकलीसाठीही अशीच अट आहे. तिची मोटार २५० वॅटपेक्षा कमी असावी, वेग वाढेल तशी तिची मदत कमी व्हावी आणि ताशी २५ किलोमीटरला किंवा पाय थांबताच ती बंद पडावी. ही सवलत दुकानदाराच्या शब्दावर मिळत नाही. पुण्याची ‘एआरएआय’ किंवा अशीच मान्यताप्राप्त संस्था वाहनाचा नमुना तपासून तो सवलतीत बसत असल्याचा दाखला देते.

ताशी २५ किलोमीटरच्या या रेघेच्या आत राहणाऱ्या गाडीला नोंदणी, परवाना आणि सक्तीचा विमा लागत नाही. मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटचे कलम १२९ मोटारसायकलीसाठी असल्याने तेही तिला लागू होत नाही. रेघ ओलांडली की हे चारही एकदम लागू होतात.

सवलतीच्या आधारावर २००६ च्या सुमारास पहिली लाट आली. गुजरातमधीलच इलेक्ट्रोथर्म कंपनीची ‘यो बाइक’ आणि नंतर हिरो इलेक्ट्रिकच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. त्यांत शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या. चार्जिंगला सहा ते आठ तास लागत, पल्ला कमी होता आणि काही वर्षांत बॅटरी बदलण्याचा खर्च डोक्यावर येई. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या नव व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने कमी वेगाच्या दुचाकीला ४,००० आणि जास्त वेगाच्या दुचाकीला ५,००० रुपयांपर्यंत अनुदान सुरू केले. मार्च २०१२ मध्ये ते संपले आणि विक्री कोसळली.

दुसरी लाट लिथियम बॅटरीने आणली. १ एप्रिल २०१५ रोजी विजेच्या वाहनांसाठी केंद्राची ‘फेम’ अनुदान योजना सुरू झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून १०,००० कोटी रुपयांचा दुसरा टप्पा आला. या टप्प्यात अनुदानासाठी दुचाकीला ताशी किमान ४० किलोमीटर वेग आणि एका चार्जिंगमध्ये किमान ८० किलोमीटर पल्ला लागे. सरकारी मदत अशी नोंदणीकृत, वेगवान गाडीकडे वळली. २०१८ मध्ये विजेच्या वाहनांसाठी हिरवी नंबरपाटी ठरली. खासगी वाहनावर पांढरी अक्षरे, व्यावसायिक वाहनावर पिवळी. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने या वाहनांचे नोंदणी शुल्क माफ केले. गुजरातने १ जुलै २०२१ पासून चार वर्षांचे धोरण लागू केले. त्यात बॅटरीच्या क्षमतेनुसार प्रति किलोवॅट-तास १०,००० रुपये आणि दुचाकीला जास्तीत जास्त २०,००० रुपये मदत होती; दोन लाख वाहनांच्या उद्दिष्टात १ लाख १० हजार दुचाकी होत्या. सुरत महापालिकेनेही त्याच वर्षी स्वतःचे विद्युत वाहन धोरण आखले.

पेट्रोलच्या खर्चाने बेजार झालेल्या कामगार कुटुंबाला या गाडीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. सुरतेच्या कामगार वस्त्यांत साड्यांना लेस लावणे, खडे चिकटवणे असे घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. माल आणणे-पोहोचवणे, मुलांना शाळेत सोडणे, बाजारहाट, अशा जवळच्या फेऱ्यांना बॅटरीची गाडी सोयीची आहे. नोंदणी न लागणारी गाडी तर त्याहून स्वस्त पडते.

धोका याच ठिकाणी शिरला. २५ च्या वेगासाठी मंजूर झालेल्या गाडीच्या कंट्रोलरमध्ये फेरफार करून किंवा मोटार बदलून ती ४०-४५ ने पळवण्याची पद्धत अनेक शहरांत पसरली. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी मे २०२२ मध्ये अशा गाड्यांविरुद्ध तपासणीचे आदेश दिले. हा फरक वरवर लहान दिसतो, पण २५ च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते, ४५ च्या वेगाने साडेबारा मीटर. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून ४५ च्या वेगातील धडक २५ च्या धडकेच्या तिपटीहून जोरदार असते. हलकी चौकट, बारीक चाके आणि साधे ब्रेक हा जोर पेलण्यासाठी बनवलेले नसतात. शिवाय ही गाडी आवाज करीत नाही. गल्लीत खेळणाऱ्या मुलाला किंवा रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाला ती मागून येताना कळत नाही.

कायद्याच्या दृष्टीने अशी फेरफार केलेली गाडी म्हणजे नोंदणी आणि विमा नसलेले मोटार वाहन. मोटार वाहन कायद्याच्या १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीतील कलम १८२अ नुसार, नियमबाह्य वाहन विकणाऱ्या विक्रेत्याला प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालक किंवा मालक जबाबदार धरला जातो. शिक्षा २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी आहे. त्याहून मोठा फटका नुकसानभरपाईचा. विमा नसल्याने अपघातग्रस्ताला द्यायची रक्कम मालकाच्या खिशातून जाते, आणि ती देण्याची ऐपत नसेल तर जखमी माणूसही उघड्यावर पडतो.

दुसरा धोका आगीचा. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये देशात विजेच्या दुचाकी पेटण्याच्या घटना एकापाठोपाठ घडल्या. पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर जळाली, वेल्लोरमध्ये चार्जिंगच्या वेळी लागलेल्या आगीत बाप-लेकीचा जीव गेला, नाशिकमध्ये कंटेनरमधील २० स्कूटर भस्मसात झाल्या. त्यानंतर ‘एआयएस-१५६’ हे बॅटरीचे मानक कडक करण्यात आले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेलची चाचणी, सेलमधील अंतर, चार्जरची आपोआप बंद होण्याची सोय आणि बॅटरी तापल्यास इशारा या गोष्टी त्यात आल्या. दाटीवाटीच्या खोल्यांत, जिन्याखाली किंवा दारातच गाडी चार्ज होते तेथे या मानकाचे मोल सर्वांत जास्त आहे.

हेल्मेटचा प्रवास गुजरातेत वळणावळणाचा झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्याने दंड १,००० वरून ५०० रुपयांवर आणला. डिसेंबर २०१९ मध्ये शहरी हद्दीत हेल्मेट ऐच्छिक केल्याचे जाहीर झाले, पण प्रश्न उच्च न्यायालयात गेल्यावर सक्ती कायम असल्याचे राज्याने सांगितले. १५ फेब्रुवारी २०२५ पासून सुरत पोलिसांनी शहरात काटेकोर अंमलबजावणी सुरू केली. देशाची आकडेवारी या सक्तीचे कारण सांगते. २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण दगावले. त्यांत ७४,८९७ दुचाकीवरचे होते, आणि हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना विजेवर परत आली. ई-लूनाचा कमाल वेग ताशी ५० किलोमीटर. तिला हिरवी पाटी, परवाना, विमा आणि हेल्मेट सारे लागते. अर्ध्या शतकापूर्वी पहिल्या लूनाला लावलेला न्याय तिलाही लागला. आवाज आणि धूर गेला तरी वेग राहतो, आणि नियम वेगासाठी आहेत. पंचवीसच्या रेघेमुळे गरिबाला सवलतीचे स्वस्त वाहन मिळते. ती तोडून मिळणारा वेग त्या सवलतीवर आणि चालवणाऱ्याच्या जिवावर उठतो. म्हणून गाडी घेताना दुकानदाराकडे तपासणी संस्थेचा दाखला मागावा, वेग वाढवून देणाऱ्याला नकार द्यावा, आणि कायदा मागत नसला तरी डोक्यावर आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट असावे.