सोलिंगेनचे चाकू व त्यांवरील मुद्रांचें प्रामाण्य

कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांनीं आपल्या घरांतील एक मिटणारा चाकू मला दाखविला. मूठ सांबरशिंगाची, पातें गंजलेलें, आणि मुठीलगत एकमेकांस खेटून उभ्या असलेल्या दोन मनुष्याकृतींचा ठसा. १८५७ च्या धामधुमींत हा चाकू त्यांच्या पूर्वजांस एका गोऱ्या अंमलदाराकडून मिळाला, अशी घरची परंपरा. जुळ्यांची ही मुद्रा पेटर हेंकेल्स यानें जर्मनींतील सोलिंगेन येथें १३ जून १७३१ रोजीं नोंदविली, हें मला ठाऊक होतें. तेवढ्यावर भिस्त ठेवून परंपरा संभवनीय असल्याचा अभिप्राय मीं देऊन टाकिला. तो चुकीचा होता, आणि त्याची दुरुस्ती करणें माझ्याकडेच येतें.

सोलिंगेन हें कोलोनजवळचें, वुप्पर नदीकांठचें गांव; त्यास नगराचे हक्क १३७४ सालीं मिळाले. नदीच्या व ओढ्यांच्या पाण्यावर फिरणाऱ्या सहाणा ही तेथील खरी संपत्ति. घडविणारा निराळा, पाणी देणारा व धार लावणारा निराळा, मूठ बसविणारा निराळा, अशी तेथें कामांची कडक वांटणी असे. पाणी देणारे व शाणकार यांच्या संघास १४०१ मध्यें, तलवारी घडविणारांस १४७२ मध्यें व चाकूकारांस १५७१ मध्यें सनदा मिळाल्या. आपल्याकडील वतनी बलुत्यांप्रमाणें हा धंदाहि घराण्यांतून चाले. कारागिराची मुद्रा संघाच्या पटावर चढे, व ती त्याची मालमत्ता समजली जाई.

असें असतां मुद्रेवर विश्वास कां ठेवूं नये? कारण हेंच गांव दुसऱ्यांच्या मुद्रा उमटविण्यांत पटाईत होतें. डॅन्यूबकांठच्या पासाउ नगराच्या शस्त्रकारांची खूण धांवत्या लांडग्याची. ती सोलिंगेनच्या लोहारांनीं उचलली. आंद्रेआ फेरारा हें इटालियन नांव कोरलेलीं जीं पातीं स्कॉटलंडांत मोठ्या अभिमानानें बाळगलीं गेलीं, त्यांपैकीं बरींच सोलिंगेनचीं. पुढें या लांडग्याची नक्कल कॉकेशसांतील लोहारांनीं केली, म्हणजे नकलेचीहि नक्कल झाली! आपल्याकडे फिरंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, देशी मूठ व युरोपीय पातें असलेल्या तलवारींचा अभ्यास करणारांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. केवळ लांडगा दिसला म्हणून पातें पासाउचें ठरत नाहीं. शब्द हें प्रमाण खरें, पण बोलणारा आप्त असेल तरच. न्यायशास्त्राचा हा दंडक लोखंडासहि लागू आहे.

एकोणिसाव्या शतकांत हीच गोष्ट अधिक मोठ्या प्रमाणावर घडली. जर्मन चाकू-कात्र्या शेफील्डचें नांव घेऊन विकल्या जातात, अशी तेथील कारखानदारांची तक्रार होती. १८८७ च्या इंग्रजी कायद्यानें, इंग्रजी वाटावें असा छाप असलेल्या परदेशी मालावर मूळ देशाचें नांव घालणें भाग पडलें. १८९० च्या अमेरिकन जकात कायद्यानेंहि आयात मालाबद्दल तसेंच केलें. जी अक्षरें अपमानाकरितां घालावयास लाविलीं, तींच पुढें मालाची शिफारस झालीं, व इतर ठिकाणचे लोक सोलिंगेनचें नांव चोरूं लागले. अखेर २५ जुलै १९३८ रोजीं त्या नांवाच्या संरक्षणार्थ खास कायदा करावा लागला.

संशोधकास या कायद्यांचा उपयोग मोठा. 'जर्मनी' असें इंग्रजी अक्षरांत असलेला निर्यातीचा चाकू सामान्यतः १८८७ नंतरचा धरावा. मात्र तें नसलें म्हणजे चाकू जुनाच असें नव्हे, कारण स्वदेशांत खपणाऱ्या मालावर ते घालण्याची सक्ति नव्हती. डी. आर. पी. हीं साम्राज्याच्या पेटंटाचीं अक्षरें १८७७ च्या, आणि डी. आर. जी. एम. हीं नमुन्याच्या नोंदणीचीं अक्षरें १८९१ च्या अलीकडचीं. 'रोस्टफ्राय' म्हणजे न गंजणारें. क्रुप कारखान्याचीं अशा पोलादाचीं पेटंटें १९१२ चीं, तेव्हां त्यापूर्वींच्या चाकूवर हा शब्द असणें शक्य नाहीं. 'पश्चिम जर्मनी' हें १९४९ ते १९९० या काळाचें.

अक्षरांखेरीज आकारहि बोलतो. बव्हेरियांतील शिकाऱ्यांची 'निकर' नामक आखूड, न मिटणारी सुरी चामड्याच्या विजारीच्या उजव्या अंगास शिवलेल्या खिशांत ठेवीत. 'गेनिक' म्हणजे मान; जखमी हरणाच्या मानेंत वार करून त्याच्या यातना संपविणें हें तिचें काम, व त्यावरूनच तिचें नांव. तिची मूठ हरणाच्या शिंगाची असते. आपल्या सांबराचें शिंग युरोपीय हरणाच्या शिंगाहून अधिक भरीव असल्यामुळें तें सोलिंगेनचे मुठी बसविणारे येथून मागवीत; म्हणून सांबरशिंगी मुठीवरून चाकू हिंदुस्थानांत घडला असें अनुमान करूं नये.

पात्यावर जुना ठसा असेल तर तो पात्याबरोबरच झिजलेला असतो. झिजलेल्या पात्यावर करकरीत कडांचा ठसा दिसला, कीं तो मागाहून मारल्याचा संशय घ्यावा. यासाठींच जुने चाकू घासून लखलखीत करण्याची संग्राहकांची हौस मला अक्षम्य वाटते. पुरावा त्या घासण्यांतच जातो.

आमच्या स्नेह्यांचा चाकू मीं पुन्हां मागून घेतला व तेल लावलेल्या मऊ फडक्यानें हलकेच पुसला. पात्याच्या दुसऱ्या बाजूस गंजाखालून 'जर्मनी' हीं इंग्रजी अक्षरें निघालीं. १८५७ ची गोष्ट या चाकूस लागू पडत नाहीं. स्नेह्यांस हें सांगणें जड गेलें. तथापि परंपरा सर्वस्वी खोटी असेलच असें नाहीं. पहिला चाकू झिजून गेल्यावर त्याची कथा त्याच्या जागीं आलेल्या दुसऱ्यास चिकटली असावी. त्यांच्या घरीं देव्हाऱ्याखालच्या पेटींत सांबरशिंगाचे दोन सुटे तुकडे आहेत, असें त्यांनीं नंतर कळविलें. ते पाहावयाचे आहेत.