सिमेंटच्या बॅगेतला आपला वाटा : आर्थिक वाढ, सरकारी धोरणे आणि गडचांदूरचे राहणीमान

दरडोई उत्पन्नाच्या यादीत चंद्रपूर जिल्हा विदर्भात वरच्या जिल्ह्यांमध्ये मोडतो. पहाटे गडचांदूरच्या चौकात ठेकेदाराच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणाला हे सांगितले तर तो हसेल. आकडा खोटा नाही आणि त्या तरुणाचे हसणेही खोटे नाही. दोन्ही एकाच वेळी खरे कसे, हे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना सांगता आले पाहिजे. त्यासाठी आम्ही ही माहिती एकत्र केली आहे.

आधी त्या आकड्याबद्दल. जिल्ह्याचे उत्पन्न राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढते. या हिशेबात जिल्ह्याच्या हद्दीत किती मूल्य तयार झाले ते मोजतात. ते कोणाच्या हातात गेले, ते मोजत नाहीत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा येथे तयार झालेल्या सिमेंटचे मूल्य, घुग्घुस-बल्लारपूर-राजुरा पट्ट्यातला कोळसा, चंद्रपूरच्या 2920 मेगावॅट महाऔष्णिक केंद्राची वीज, सगळे चंद्रपूरच्या खात्यात जमा होते. मग त्याला लोकसंख्येने भागतात. नफा मुंबईच्या मुख्यालयात गेला, लाभांश भागधारकांना गेला, तरी भागाकारात तो कोरपना तालुक्यातल्या कापूस वेचणाऱ्या बाईच्याही नावावर पडतो. म्हणून ‘दरडोई उत्पन्न वाढले’ हे वाक्य ऐकले की पहिला प्रश्न विचारावा : उत्पन्न इथे तयार झाले, की इथे राहिलेही?

राहणीमान मोजायची वेगळी साधने आहेत. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात बारा गोष्टी पाहतात. त्यात पोषण, बाल व किशोर मृत्यू, माता आरोग्य, शाळेची वर्षे, शाळेतली हजेरी, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घर, मालमत्ता आणि बँक खाते येते. ही यादी हातात घेऊन स्वतःच्या वॉर्डात फिरले की दरडोई उत्पन्नापेक्षा जास्त कळते. हवेची नोंद मात्र या यादीत नाही. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात चंद्रपूरला 83.88 गुण मिळाले होते आणि देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत आपला जिल्हा चौथा आला होता. त्या वर्षीच्या उत्पन्नात दवाखान्याचा खर्च वजा झाला नव्हता. उलट खाजगी दवाखान्यांचे बिल हेही जिल्ह्याच्या उत्पन्नातच मिळवतात!

सिमेंट इथे का आले?

चुनखडी इथे होतीच. कोळसा शेजारी होता. पण फक्त दगडामुळे कारखाना येत नाही, धोरणामुळे येतो. 1982 च्या फेब्रुवारीपर्यंत सिमेंटची किंमत आणि वाटप सरकारच्या ताब्यात होते. त्या महिन्यात अंशतः नियंत्रणमुक्ती झाली आणि 1 मार्च 1989 ला ती पूर्ण झाली. कंपन्यांना खुल्या बाजारात विकायची मुभा मिळाली, मागास भागात उद्योग काढणाऱ्यांना राज्याच्या सवलती होत्याच, आणि त्याच दशकात आवारपूर व गडचांदूरचे कारखाने उभे राहिले. उपरवाहीचा कारखाना नव्या शतकाच्या सुरुवातीला आला. पुढे मालक बदलत गेले. लार्सन अँड टुब्रोचा आवारपूर कारखाना 2004 नंतर अल्ट्राटेक झाला, माणिकगड 2019 मध्ये त्याच समूहाकडे गेला, अंबुजा आणि एसीसी 2022 मध्ये अदानी समूहाने घेतल्या. या व्यवहारांची बोलणी गडचांदूरला झाली नाहीत, हे सांगायला नको.

त्याआधीचा इतिहासही लक्षात ठेवावा. राजुरा-कोरपना हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला. ज्या 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा आपला तालुका त्या जिल्ह्यात नव्हता. ही नुसती आठवण नाही. जुन्या नोंदी कुठल्या कचेरीत आणि कुठल्या भाषेत सापडतात, याच्याशी तिचा संबंध आहे. तो पुढे येईल.

एका बॅगेचा हिशेब

एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते. 50 किलोच्या ओपीसी बॅगेत सुमारे 95 टक्के क्लिंकर धरला तर त्या बॅगेसाठी 71 किलोच्या आसपास दगड फुटतो. चुनखडीवरची रॉयल्टी टनाला 80 रुपये, हा दर 2014 चा. म्हणजे बॅगेमागे रॉयल्टी 5 रुपये 70 पैसे. ती राज्य सरकारला जाते.

2015 मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. 12 जानेवारी 2015 पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांवर रॉयल्टीच्या 30 टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांवर 10 टक्के रक्कम खाणबाधितांसाठी जमा होते. जुन्या पट्ट्याच्या दगडाचा हिशेब केला तर बॅगेमागे 1 रुपया 71 पैसे. राख मिसळलेल्या पीपीसी बॅगेत क्लिंकर कमी असतो. तिथे 65 टक्के धरले तर हा आकडा 1 रुपया 17 पैशांवर येतो.

आता दुसरी बाजू. बॅग साडेतीनशे रुपयांना पडली असे धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. तरी त्या बॅगेत सुमारे 53 रुपये कर आहे. जीएसटी हा माल जिथे खपतो तिथला कर आहे. गडचांदूरची बॅग आदिलाबादला विकली गेली तर राज्याच्या वाट्याचे साडेसव्वीस रुपये तेलंगणाला जातात. 2017 पूर्वी आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर उत्पादक राज्याकडे राहत होता, तोही गेला. धूळ इथे, खड्डा इथे, ट्रकने खराब झालेला रस्ता इथे. कर मात्र भिंत जिथे उभी राहते तिथे. जीएसटी वाईट आहे असे आम्हाला म्हणायचे नाही. गरीब राज्यांना त्याचा फायदाही झाला. पण खाणीच्या गावाला भरपाई देणारी वाट त्यानंतर अरुंद झाली, आणि म्हणून तो 1 रुपया 71 पैसे फार महत्त्वाचा आहे.

हा विचार आपल्याला नवा नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर 1943 मध्ये धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले होते. लगेच 1944 च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. त्यात कोळशावर उपकर लावून त्यातून खाण कामगारांची घरे, दवाखाने आणि पाणी यांची तरतूद होती. जमिनीतून काढलेल्या संपत्तीतला काही भाग ती काढणाऱ्यांकडे परत गेला पाहिजे, हे तत्त्व त्यामागे होते. 1972 च्या कायद्याने चुनखडी खाणीतल्या कामगारांसाठीही असाच उपकर आला होता, तो नंतर रद्द झाला. आजचे खनिज प्रतिष्ठान त्याच वाटेवरचे आहे. फरक इतका की बाबासाहेबांचा निधी कामगारांसाठी होता, आताचा ‘बाधित क्षेत्रासाठी’ आहे, आणि क्षेत्र हा शब्द सैल आहे. त्यात चौकाचे सुशोभीकरणही बसवता येते.

2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंतचा भाग प्रत्यक्ष बाधित आणि 25 पर्यंतचा अप्रत्यक्ष बाधित. किमान 70 टक्के निधी पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण, कौशल्य, स्वच्छता अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करायचा आहे. बाधित गावांची यादी, वार्षिक आराखडा आणि मंजूर कामे जाहीर करणे बंधनकारक आहे. आपल्या गावाचे नाव यादीत आहे का, आपल्या वस्तीत या निधीतून काय झाले, हे माहिती अधिकारात विचारायला दहा रुपयांचा अर्ज पुरतो. आमच्या मते जयंतीच्या वर्गणीसाठी जितकी घरे आपण फिरतो, त्याच्या निम्म्या वेळात हे काम होईल.

नोकरी कुणाला आणि कशी

बाबासाहेब कारखान्यांच्या विरोधात नव्हते. 1918 च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवले की शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अडकली आहेत आणि ती उद्योगात गेल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही. तेव्हा कारखाना आला म्हणून रडायचे कारण नाही. पण त्या निबंधाच्या वेळचा उद्योग माणसे ओढून घेणारा होता. आजची सिमेंट भट्टी नियंत्रण कक्षातून चालते. उत्पादन दुप्पट झाले तरी नोकऱ्या दुप्पट होत नाहीत. ज्या आहेत त्यातही पर्मनंट आणि ठेकेदारी असे दोन थर आहेत. एकाच गेटमधून आत जाणाऱ्या दोघांचा पगार, सुट्टी, दवाखाना आणि म्हातारपण वेगवेगळे असते. खाजगी कंपनीत आरक्षण नाही. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना मिळालेला अनुसूचित जातीचा दर्जा कारखान्याच्या गेटपाशी थांबतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी 20 कामगारांपासून लागू होत, आता 50 पासून. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी मजूर ठेवू नयेत असे संहिता म्हणते, पण लोडिंग-अनलोडिंग, साफसफाई, पहारा ही कामे मुख्य कामात धरलेली नाहीत. आपली मुले बहुतेक तिथेच असतात. तरी काही हक्क शाबूत आहेत : किमान वेतन, जादा कामाला दुप्पट दर, पगाराची पावती, पीएफ. आणि एक व्यवहाराची गोष्ट. खाणी आणि सिमेंट उद्योग हे कामगार कायद्यांसाठी केंद्राच्या अखत्यारीत येतात. तक्रार राज्याच्या कामगार अधिकाऱ्याकडे दिली तर ती फिरत राहते. केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडेच द्यावी.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात काळजी घ्यावी, चांगल्यातला वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांनी आपण संहितेत जवळपास हेच शोधतो आहोत. कूटदंत सुत्तातला पुरोहित तर राजाला स्पष्ट सांगतो की चोऱ्या वाढल्या म्हणून शिक्षा वाढवू नको. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे. त्याने राज्याचा महसूलही वाढला, असे सुत्त सांगते. वाढ आधी आणि वाटप नंतर, हा क्रम तिथे नाही.

जमीन आणि जंगल

वाढीने काहींचे राहणीमान सुधारते तसे ती काहींची वाट अडवतेही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन मिळते. 2018 पासून ती शंभर टक्के अनुदानावर आहे. पण खरेदीची मर्यादा जिरायतीला एकरी 5 लाख, बागायतीला 8 लाख. कारखान्याच्या आणि रस्त्याच्या आसपास जमिनीचा भाव चढला की त्या दरात शेतकरी सरकारला जमीन का विकेल? योजना कागदावर चालू राहते आणि जमीन मिळत नाही. तालुकानिहाय बाजारभावाशी जोडलेली मर्यादा ही आपली ठोस मागणी असायला हवी.

राहणीमान सुधारायचा दुसरा रस्ता शेजारी दिसतो. गडचिरोली जिल्हा मानव विकासाच्या यादीत नंदुरबारसोबत तळाशी असतो, पण तिथल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 पासून बांबूची वाहतूक परवानगी ग्रामसभा स्वतः देऊ लागली. आपल्याच जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावनेही 2012 मध्ये हक्क मिळवून बांबूतून रोजगार उभा केला. तिथे मजुरी आणि नफा एकाच गावात राहतो. सिमेंटच्या तुलनेत रक्कम लहान आहे, हे मान्य. पण ती बाहेर जात नाही.

वनहक्क फक्त आदिवासींचा, असे आपल्या लोकांना सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. 2006 चा कायदा ‘इतर पारंपरिक वननिवासी’ही मानतो, आणि त्यात जंगलावर जगणारी बौद्ध कुटुंबे येतात. अट अशी की 13 डिसेंबर 2005 पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, त्या भागात वास्तव्य हवे. केंद्रीय आदिवासी मंत्रालयाने स्पष्ट केले आहे की 75 वर्षे वास्तव्य दाखवायचे आहे. तोच तुकडा 75 वर्षे कसल्याचा पुरावा मागता येत नाही. दावे बहुतेक इथेच फेटाळले जातात.

कोरपना, राजुरा, जिवतीकडच्या लोकांसाठी 1930 चा पुरावा म्हणजे निजामाच्या काळातला पुरावा. जुन्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत असतात आणि तहसीलमध्ये त्या वाचणारे कोणी नसते. नियम 13 मात्र कागदापुरता थांबत नाही. दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचे लेखी जबाब, जुन्या विहिरी, स्मशानभूमी, घराचे अवशेष हेही पुरावे धरले जातात, आणि एकाहून जास्त प्रकारचे पुरावे जोडावे लागतात. ऐंशी-नव्वदीतले आजी-आजोबा ज्या गावात अजून आहेत, तिथे त्यांचे जबाब लिहून, अंगठा घेऊन वनहक्क समितीकडे देण्याचे काम या पावसाळ्यापूर्वी करता येईल.