पाणी थांबविण्याची विद्या

गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की साऱ्या आळीला कळते. खालून कोणी तरी 'अहो, पंप बंद करा!' म्हणून ओरडतो आणि घरातले माणूस हातातले काम टाकून बटणाकडे धावते. पाणी वर चढविण्याची विद्या आपण चांगली शिकलो आहोत. ते वेळेवर थांबविण्याची विद्या मात्र पुष्कळ घरी अजून शेजाऱ्याच्या आवाजावर चालते. आज आम्ही इतिहास सांगणार आहोत तो ह्या दुसऱ्या विद्येचा, आणि त्याला निमित्त झाली आहे आमच्या बैठकीतली माशांची काचेची पेटी.

माशांच्या पेटीसाठी इतिहासात कशाला शिरायचे, असे कोणी विचारील. तेव्हा आधी अडचण काय ती सांगतो. आमची पेटी समुद्राच्या पाण्याची आहे. तिच्यात सुमारे दोनशे लिटर पाणी आणि लिटरमागे पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने सात किलो मीठ आहे. उघड्या पाण्याची रोज वाफ होते. आमच्याकडे उन्हाळ्यात दिवसाला दोन लिटर तरी जाते. पाणी जाते, मीठ मात्र जात नाही. दहा दिवस दुर्लक्ष केले तर एकशेऐंशी लिटर पाण्यात तेच सात किलो मीठ राहते, म्हणजे लिटरमागे जवळजवळ एकोणचाळीस ग्रॅम. मासे कसेबसे तग धरतात. प्रवाळ आणि इतर नाजूक जीव आक्रसून जातात. म्हणून गेले तेवढे गोडे पाणी रोज घातले पाहिजे. कमी नाही आणि जास्तही नाही.

आता ह्या 'कमी नाही आणि जास्त नाही'ची गोष्ट फार जुनी आहे. महादेवाच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र आपण सर्वांनी पाहिले आहे. ते काठोकाठ भरलेले असते तेव्हा धार सलग पडते, आणि तळ गाठू लागले की थेंब थेंब. पाण्याची उंची जशी घटते तसा जोर घटतो. देवाला त्याने काही उणे पडत नाही. परंतु ह्याच धारेवर वेळ मोजायची म्हटली तर पंचाईत होते. आपल्याकडच्या ज्योतिष्यांनी ही पंचाईत वेगळ्या वाटेने टाळली. भोक पाडलेले घटिकापात्र पाण्यावर तरंगत सोडले की ते चोवीस मिनिटांत बुडते; ते उचलून रिकामे करून पुन्हा सोडायचे. प्रत्येक वेळी आरंभ तोच, म्हणून शेवटही तोच. मात्र त्याच्यापाशी माणूस बसवावा लागतो. लग्नघरी मुहूर्तासाठी घटिकेवर बसलेले भटजी ज्यांनी पाहिले असतील त्यांना आम्ही काय म्हणतो ते कळेल.

माणूस उठवून त्याच्या जागी यंत्र बसविण्याचा मान ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसला देतात. हा न्हाव्याचा मुलगा, असे रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस सांगतो. टेसिबियसचे ग्रंथ नष्ट झाले. त्याच्या जलघटिकेचे जे वर्णन व्हिट्रुव्हियसने केले आहे ते इतके संदिग्ध आहे की पंडितांना त्यावरून चित्रे काढून पाहावी लागली. त्यांचे अनुमान असे की धार सोडणाऱ्या भांड्यात एक तरंगता गट्टू होता. पाणी वर आले की गट्टू वर येऊन नळाचे तोंड बंद करी, पाणी उतरले की तोंड मोकळे होई, आणि भांड्यातली पातळी जागची हलत नसे. अनुमान म्हणूनच ते घ्यावे. परंतु आर्किमिडीझच्या नावावर अरबीत चालत आलेल्या जलघटिकेच्या ग्रंथात हीच रचना स्पष्ट दिली आहे. पहिल्या शतकातल्या हेरॉनने तिचाच खेळ केला: पेल्यातून मद्य काढावे तसा दुसरीकडचा तरंगता गोळा खाली जाई, झडप उघडे आणि पेला पुन्हा भरे. पाहुण्यांना चकित करण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता, पण तत्त्व पक्के होते.

ह्याच सुमाराच्या आणखी एका युक्तीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो, कारण ती आम्हांला सर्वांत शहाणी वाटते. बायझँटियमच्या फायलोने तेलाचा दिवा केला, त्यात तेलाचे भांडे वरून बंद आणि खालून उघडे होते. दिव्यातले तेल ठरावीक रेषेखाली गेले की नळीचे तोंड उघडे पडून हवा आत शिरे, तेल खाली उतरे, आणि तोंड पुन्हा बुडाले की थांबे. झडप नाही, गोळा नाही, हलणारे काही म्हणून नाही. कोंबडीच्या पिलांना पाणी ठेवण्याचे उपडे भांडे आणि कचेरीतली पिण्याच्या पाण्याची उपडी बाटली ही ह्या दिव्याचीच भावंडे. आणि भांड्यात आहे त्याहून थेंबही अधिक त्यातून येणे शक्य नाही, हे ध्यानात असू द्यावे.

नवव्या शतकात ही विद्या बगदादला गेली. मुहम्मद, अहमद आणि हसन ह्या तीन भावांनी, ज्यांना बनू मूसा म्हणतात त्यांनी, सुमारे शंभर यंत्रांचे पुस्तक लिहिले. त्यात माणसे आणि जनावरे जसजशी पाणी पितील तसतसे आपोआप भरणारे कुंड आहे. पुढे दियारबकरच्या दरबारातल्या अल-जझरीने १२०६ साली पुरा केलेल्या ग्रंथात आर्किमिडीझचे नाव घेऊन तरंगत्या झडपेचे भव्य घड्याळ रचले. मग ही परंपरा खंडित झाल्यासारखी दिसते. चौदाव्या शतकापासून युरोपात वजनावर चालणारी घड्याळे पसरली. वेळ सांगायला पाणी उरले नाही, मग पातळीची चिंता तरी कोण करणार?

ती चिंता परतली ती आगीबरोबर. बाष्पयंत्राच्या बॉयलरमध्ये पाण्याची सतत वाफ होते. पातळी उतरून आगीवरचा पत्रा उघडा पडला की तो तापून लाल होतो, आणि मग स्फोट. येथे पेला रिकामा राहण्याचा प्रश्न नव्हता. माणसे मरत होती. इंग्लंडात जेम्स ब्रिंडलीने १७५८ सालच्या आपल्या पेटंटात बॉयलर भरणारी तरंगती झडप घातली. सैबेरियातल्या बर्नौल गावी इव्हान पोल्झुनोव्हने १७६५ साली तीच गोष्ट स्वतंत्रपणे केली. बिचाऱ्याला आपले यंत्र चालू झालेले पाहावयास मिळाले नाही. १७६६ साली तो वारला, त्यानंतर ते काही महिने चालले आणि मग सोडून दिले गेले. ऑटो मायर ह्या इतिहासकाराने १९७० साली इंग्रजीत आलेल्या आपल्या ग्रंथात हे सारे धागे जुळविले, म्हणून आज आम्ही ते सहज सांगू शकतो.

आगबोटींनी ह्यात मिठाची भर घातली. पहिल्या आगबोटी बॉयलरला समुद्राचेच पाणी देत. झडप पातळी अचूक राखी, आणि आत खारटपणा मात्र वाढतच जाई. थोड्या थोड्या वेळाने दाट झालेले पाणी बाहेर सोडावे लागे. १८३४ साली सॅम्युअल हॉलने वाफ थंड करून तेच गोडे पाणी परत देणाऱ्या संघनकाचे पेटंट घेतले. पातळी बरोबर म्हणजे पाणी बरोबर असे नव्हे, हा धडा आगवाल्यांनी शिकला. आमच्या पेटीतही जर कोणी कमी झालेले पाणी पुन्हा खाऱ्या पाण्यानेच भरील, तर तो त्या पहिल्या बोटींचीच चूक करील. विहिरीचे जड पाणीही त्याच जातीचे. म्हणून आम्ही आर.ओ. यंत्रातले पाणी घालतो.

घरगुती समुद्रपेटीची हौस लंडनची. ॲना थिन ह्या बाईंनी १८४६ साली टॉर्कीहून प्रवाळ आणून घरी जगविले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मोलकरीण खिडकीशी उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टनने मासे, वनस्पती आणि गोगलगाई ह्यांचा मेळ कसा बसतो ते मांडले, १८५३ साली रीजंट्स पार्कात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, आणि पुढल्या वर्षी गॉसच्या पुस्तकाने ही हौस घरोघर नेली. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले.

आता आमची स्वतःची फजिती. आम्ही पन्नास लिटरचा पिंप, लहान पंप आणि एक तरंगता खटका अशी व्यवस्था केली आणि निर्धास्त झालो. एका रात्री एक गोगलगाय खटक्यावर चढून बसली. खटक्याला पाणी कमीच वाटत राहिले आणि पंप चालत राहिला. सकाळी फरशीवर पाणी आणि पेटीतले मीठ लिटरमागे अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास. दोन प्रवाळ गेले. आमच्या सौभाग्यवतींनी फरशी पुसताना टेसिबियसबद्दल जे उद्गार काढले ते येथे सांगण्यासारखे नाहीत.

तेव्हापासून आम्ही फायलोचे ऐकतो. पिंपाच्या जागी दहा लिटरचा कॅन आला आहे. तो सगळा पेटीत उतरला तरी मीठ पस्तिसावरून तेहतिसाच्या थोडे वर थांबते, आणि तेवढे प्रवाळ सोसतात. खटके आता दोन आहेत, एक नेहमीचा आणि एक त्याच्या वर, पहिला अडकलाच तर पंपाची वीज तोडणारा. दोहोंवर जाळीचे टोपण, म्हणजे गोगलगाईला चढता येत नाही. मिठाची खपली धरते म्हणून दर रविवारी आम्ही ते गोड्या पाण्यात धुतो. नळीचे तोंड पाण्याबाहेर टांगले आहे, नाही तर पंप थांबल्यावर वक्रनलिकेने पाणी उलटे वाहू लागते. आणि खटके पेटीत न लावता खालच्या टाकीत, पंपाच्या कप्प्यात लावले आहेत. कारण वरच्या पेटीची पातळी तिच्या सांडव्याने ठरते, आणि वाफेने झालेली सगळी घट त्या कप्प्यातच दिसते.

दहा लिटरचा कॅन पाच दिवस पुरतो. परगावी जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन जातो. त्या सहाव्या दिवशी येऊन कॅन भरतात.