पोर्चवरचा कडबा

बार्शीकडच्या माणसाला कडब्याची किंमत शिकवावी लागत नाही. ज्वारीची काढणी झाली की आमच्याकडे पोत्यांइतकीच पेंढ्यांची मोजदाद व्हायची. गंजी रचणारा गडी नवखा असला तर आजोबा स्वतः वर चढत, कारण गंजीत पाणी शिरलं म्हणजे जनावरांचं वर्ष गेलं. अशा घरातून मी लग्न होऊन मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रेमिंगहॅमला आले. इथे सप्टेंबर सरता सरता शेजारीपाजारी दुकानातून मक्याच्या वाळक्या ताटांच्या पेंढ्या पैसे मोजून आणतात आणि पोर्चच्या खांबांना दोरीने आवळून बांधतात. दारात एक शेळी नाही, आणि कडबा विकत!

पायऱ्यांवर नारिंगी भोपळे, त्यांच्या बाजूला शेवंतीच्या कुंड्या, दारावर रंगीबेरंगी दाण्यांच्या मक्याची तीन कणसं. ही आरास इतकी ठरीव आहे की ती पहिल्या वसाहतवाल्यांनी जहाजातूनच आणली असावी असं वाटतं. पण त्या लोकांच्या घरांना मुळात पोर्चच नव्हता. आमच्या भागातली अठराव्या शतकातली लाकडी घरं पाहावीत: सपाट दर्शनी भिंत, मधोमध दार, दारासमोर एक दगडी पायरी. थंडी अडवायची तर हेच बरं.

ओसरीची हौस आली ती एकोणिसाव्या शतकात. हडसन नदीकाठच्या न्यूबर्गमध्ये अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग नावाचा रोपवाटिकावाला होता. घर कसं बांधावं यावर त्याची पुस्तकं फार खपली. 1850 सालच्या ग्रामीण घरांवरच्या पुस्तकात त्याने ओसरीची जोरदार वकिली केली. अमेरिकेतल्या उन्हाळ्यात तिच्यावाचून घराला घरपण नाही असं त्याचं मत. दोनच वर्षांनी हडसनमध्ये आगबोटीला आग लागून तो बुडून मेला, पण ओसरी टिकली. पुढे वाफेवर चालणाऱ्या लाकडाच्या कारखान्यांतून कातीव खांब आणि कठडे तयार मिळायला लागले, आगगाडीने ते गावोगाव पोचले, आणि साध्या कामगाराच्या घरालाही पोर्च आला. तिथे शेंगा सोलायच्या, संध्याकाळी वारा खायचा, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायची.

आता ताटांकडे येते. मका काढताना नुसती कणसं खुडत नसत. लांब पात्याच्या कोयत्याने ताट बुडाशी कापायचं. चार उभी ताटं न कापता शेंड्याशी एकत्र बांधून त्यांचा आधार करायचा, आणि बाकीची त्यांना टेकवून गोल उभी रचायची. दुरून बघावं तर शेतभर राहुट्या पडल्यासारख्या दिसायच्या. पाऊस अंगावरून निथळून जायचा, कणीस आत सुकायचं. मग सवडीने गोठ्याच्या माळ्यावर कणसं सोलायची. त्याला शेजारी जमायचे, पोरंपोरीही यायची. सोलताना एखाद्या तरुणाला लाल दाण्याचं कणीस सापडलं तर त्याला कुणा मुलीचा मुका घ्यायची मुभा असे. आजच्या दारावरची रंगीत कणसं पाहून ही गोष्ट कुणाला आठवत नाही, हे मला जरा वाईटच वाटतं. कणसं निघाली की ताटं हिवाळाभर गुरांना. म्हणजे आमचाच हिशोब.

शहरातल्या मेजवान्यांत शोभेसाठी ही ताटं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच शिरली होती. पण 1930च्या दशकापासून कणसं तोडणारी यंत्रं पसरत गेली, नंतर कापणी-मळणी एकदम करणारी आली. ताटं शेतातच चुरडली जाऊ लागली आणि त्या राहुट्या उठल्या. आता ताटं हाताने कापून पेंढी बांधायची ती बहुतेक पोर्चसाठीच.

भोपळाही त्याच शेतातला. मक्याच्या सऱ्यांमधून वेल सोडायचे, मका कापला की खाली नारिंगी गोळे उघडे पडायचे. तोडल्यावर काही दिवस उन्हात-वाऱ्यात ठेवून साल टणक केली की भोपळा हिवाळ्यात टिकतो. जुन्या न्यू इंग्लंडमध्ये तो माणसं खात आणि गुरंही खात. त्याला डोळे-तोंड कोरून आत मेणबत्ती लावायची चाल आयर्लंड-स्कॉटलंडची, तिथे सलगम कोरत. 1840च्या दशकात बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला आणि आयरिश माणसं लोंढ्याने बोस्टनला उतरली; त्यांच्यामुळे हॅलोविनला इथे जोर आला. मात्र भोपळा कोरणं एकट्या आयरिशांचं म्हणता येत नाही. जॉन ग्रीनलीफ व्हिटिअर हा 1807 साली याच राज्यात, हेवरहिलच्या शेतावर जन्मलेला क्वेकर कवी. त्याच्या भोपळ्यावरच्या कवितेत लहानपणी कोरलेल्या भोपळ्याची आणि आतल्या मेणबत्तीची आठवण आहे, आणि ती कविता थँक्सगिव्हिंग या सुगीच्या सणाची आहे. शेतकऱ्यांच्या पोरांचा हा सुगीतला चाळा आधीपासून होता.

पायरीवर आज दिसतो तो भोपळा मात्र खाण्यासाठी नाही. राज्याच्या पश्चिमेला शेफील्ड गावी जॉन हाउडेन नावाचा शेतकरी होता. त्याने 1960च्या दशकात जुन्या वाणातून निवड करत करत एक भोपळा तयार केला: गडद नारिंगी, जाड देठाचा, कोरायला सोयीचा. त्याच्याच नावाने तो वाण देशभर गेला. दिसायला राजबिंडा, चवीला पाणचट आणि धागेदार. याचे घारगे करायच्या फंदात कुणी पडू नये. दुकानात डबाबंद मिळतो तो खायचा भोपळा निराळ्या जातीचा, फिकट सालीचा, इलिनॉयमध्ये मॉर्टनच्या आसपास पिकणारा. आपला मंडईतला लाल भोपळा त्या डब्यातल्याच्या गोतातला आहे, पायरीवरच्याच्या नाही.

सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा शेजारच्या पायरीवरचा दात विचकणारा भोपळा त्यांनी बराच वेळ न्याहाळला. मग मला विचारलं, "अगं, यांना कुणाची दृष्ट लागलीय का?" दारावर कोहळा टांगणाऱ्या घरातल्या बाईने दुसरं काय विचारावं? आणि त्यांचा प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. हॅलोविनच्या रात्री पोर्चला खरोखरच पीडा असायची, फक्त ती भुतांची नव्हती. गावची पोरं फाटकं बिजागऱ्यांतून काढून पळवत, पोर्चवरच्या खुर्च्या छपरावर नेऊन ठेवत, खिडक्यांना साबण फासत, गाई सोडून देत. मिनेसोटातल्या अनोका गावाने 1920 साली या रात्री मिरवणूक सुरू केली, ती पोरांना गुंतवून ठेवायलाच. मंदीच्या काळात शहरांतून हा उच्छाद आणखी वाढला. मग उपाय निघाला तो व्यवहारी: दार वाजवा, गोड घ्या आणि फाटक सोडा. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग असल्याने हे जरा थंडावलं. 1947 साली रेशनिंग उठलं आणि खाऊ मागत फिरायची चाल घराघरात पोचली. पोर्चवरचा दिवा लागलेला म्हणजे या, विझलेला म्हणजे पुढचं घर पाहा. हा संकेत आमच्या गल्लीत तीन वर्षांच्या पोरालाही कळतो.

सजावटीचा धंदा आमच्याच गावचा, हे मला इथे राहून बऱ्याच काळाने समजलं. फ्रेमिंगहॅमच्या डेनिसन कंपनीचा कागदाचा कारखाना होता. तिने 1909 साली हॅलोविनसाठी 'बोगी बुक' ही पुस्तिका काढली आणि पुढे कितीतरी वर्षं तिच्या नव्या आवृत्त्या येत राहिल्या. काळ्या-नारिंगी क्रेप कागदाने घर कसं सजवायचं, पाहुण्यांना काय खेळ द्यायचे, हे सगळं त्यात असे. आणि कागद अर्थातच डेनिसनचा घ्यायचा. आपल्या मालाची गरज आधी पुस्तकातून रुजवायची ही युक्ती मला दाद देण्यासारखी वाटते.

पोरांचा उच्छाद गोड देऊन कायमचा विकत घेता येतो असं मात्र नाही. न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावाने 2013 साली एकाच वेळी 30,581 कोरलेले भोपळे पेटवून विक्रम केला. पुढच्याच वर्षी उत्सवाच्या दिवशी तिथल्या कॉलेजच्या आसपास तरुणांच्या झुंडींनी बाटल्या भिरकावल्या, गाड्या उलथवल्या, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. 2015ला नगरपालिकेने परवानगी नाकारली.

राहिली शेवंती. ती चीन-जपानची, आणि पोर्चवर ती सर्वांत उशिरा आली. तिला कळ्या धरायला लांब रात्र लागते. हे कोडं सुटलं ते तंबाखूमुळे. अमेरिकन कृषी खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांकडे तंबाखूचा एक वाण होता, तो उन्हाळ्यात काही केल्या फुलेना. त्यांनी त्याच्या कुंड्या दुपारीच अंधाऱ्या खोपटात सरकवायला सुरुवात केली आणि त्याला फुलं आली. 1920 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हापासून फुलवाले शेवंतीवर संध्याकाळ होण्याआधीच काळं कापड ओढून तिला हव्या त्या आठवड्यात फुलवतात. पुण्याच्या बाजारात दसऱ्याला शेवंतीचे ढीग लागतात ते दिवस आखूड होत चालल्यामुळे. इथल्या दुकानात ऑगस्टअखेर गच्च कळ्यांच्या कुंड्या येतात, त्यामागे बऱ्याचदा ते कापड असतं.

थँक्सगिव्हिंग झालं की त्या कुंड्या कचऱ्याच्या गाडीत जातात आणि दारावर ख्रिसमसची हिरवी वेल चढते. बऱ्याच जणींना वाटतं, ही शेवंती एका वर्षाचीच असते. तसं नाही. कळ्या दिसू लागल्यावरच कुंडीतून काढून सप्टेंबरातच जमिनीत लावली, मुळांवर पालापाचोळ्याचा जाड थर दिला, तर थंडीला टिकणारे वाण पुढच्या वर्षी पुन्हा फुटतात. पायरीवर नोव्हेंबरपर्यंत मिरवून मग लावायला गेलात तर जमीन गोठायच्या आत मुळं धरत नाहीत.