सास्तूरचा भूकंप आणि न दिसणाऱ्या दुखापतीची भरपाई

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असताना झालेल्या भूकंपात, तेव्हाच्या उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर जमीनदोस्त झाले. येथील घरांच्या जाडजूड दगडी भिंती मातीत रचलेल्या असत आणि त्यांवर माळवद, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेले सपाट छप्पर असे. ऊन अडवणारी हीच माती भिंती फुटताच झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे 7,900 माणसे दगावली आणि जखमींची संख्या 16 हजारांच्या आसपास गेली.

जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरे देण्यात आली. घर किती मोठे मिळावे हे शेतीवरून ठरले. घरातील कर्त्या माणसाची पाठ त्या शेतात वाकण्याजोगी उरली आहे की नाही, हे त्या मोजमापात कोठेच नव्हते. आपत्तीतील जखमींना मिळणाऱ्या सानुग्रह अनुदानाचे, म्हणजे हक्क म्हणून नव्हे तर मदत म्हणून दिल्या जाणाऱ्या रकमेचे, 2022 पासूनचे निकषही रुग्णालयातील मुक्कामावर आधारलेले आहेत: गंभीर जखमीचा मुक्काम आठवड्याहून अधिक असेल तर 16,000 रुपये, कमी असेल तर 5,400, आणि मोठी रक्कम हवी तर किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला. खाटेवर न झोपता वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्याला या चौकटीत जागा नाही, आणि हा अन्याय आहे.

अशी न दिसणारी दुखणी भूकंपाप्रमाणे वाहन-अपघातांतही होतात, आणि ‘व्हिपलॅश’, म्हणजे मानेला बसणारा हिसका, हे त्यांपैकीच एक. वाहनाला मागून धडक बसली की धड पुढे ढकलले जाते, डोके क्षणभर मागे राहते आणि मग पुढे फेकले जाते. या हिसक्याने मानेचे स्नायू व अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडे जोडणारे पट्टे, ताणले जातात. हाड मोडलेले नसल्याने क्ष-किरण चित्रात बहुधा काहीच उमटत नाही, आणि वेदना पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सुरू होते. अशी न दिसणारी दुखापत खरी की खोटी, हा वाद रेल्वे अपघातांनंतर लंडनमध्ये पेटला होता. प्रवासी भरपाई मागत, कंपन्या त्यांना ढोंगी ठरवत, आणि शल्यविशारद जॉन एरिक एरिक्सन यांनी 1866 मध्ये या तक्रारींना शारीरिक कारण असल्याचे प्रतिपादन केले. भारतात बोरीबंदर-ठाणे आगगाडी 1853 मध्ये धावली आणि दोन वर्षांनी प्राणांतिक अपघात कायदा आला. मात्र त्यात भरपाई होती ती मृताच्या वारसांना.

जखमींसाठी स्वतंत्र दाद मागण्याची जागा मोटार वाहन कायद्यातील 1956 च्या दुरुस्तीने निर्माण झाली, ती म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. 1982 मध्ये चालकाचा दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी 15,000 आणि कायम अपंगत्वासाठी 7,500 रुपये देण्याची तरतूद झाली. परंतु कायम अपंगत्वाच्या व्याख्येत दृष्टी किंवा श्रवण जाणे, अवयव वा सांधा निकामी होणे आणि चेहरा विद्रूप होणे एवढेच होते, त्यामुळे नुसती दुखणारी मान बहुधा त्याबाहेरच राहिली. राज कुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिलेला निकाल अधिक माणुसकीचा आहे: दाखल्यावरील टक्केवारी आणि कमाईतील घट एकच नव्हेत, जखमीचा व्यवसाय पाहून घट ठरवावी. ऊसतोड कामगाराची आखडलेली मान आणि कारकुनाची मान, दाखल्यावर समान असली तरी, नुकसानीत समान नसतात.

मोटार वाहन कायद्याच्या 2019 मधील दुरुस्तीने, 1 एप्रिल 2022 पासून, दोषाच्या पुराव्याविना गंभीर दुखापतीस अडीच लाख रुपये ठरवले. गंभीर दुखापतीची व्याख्या भारतीय दंड संहितेतून घेतली होती, आणि जी इजा 20 दिवस तीव्र वेदना देते किंवा तेवढे दिवस नेहमीची कामे करू देत नाही, तीही तिच्यात येत असे. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ही मुदत 15 दिवसांवर आली आहे. हाड मोडले नसले तरी वेदनेच्या दिवसांवरून दावा उभा राहू शकतो, परंतु ते दिवस सिद्ध होतात ते दुखणे सुरू होताच काढलेल्या केसपेपरवर, आणि नियमित दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही याच दुरुस्तीने पुन्हा घातली.