एकच कव्वाल पार्टी, दोन रात्री

आमच्या गावाबाहेर ओढ्याच्या काठाला एक छोटा दर्गा आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याचं नाव सापडणार नाही. पत्र्याची शेड, एक लिंब, हातपंप आणि मागे कबरस्तान. गेल्या वर्षी उर्साला संदल आला, चादर चढली, फातिहा झाली आणि रात्री दहाच्या सुमारास कव्वाल पार्टी बसली. सहा माणसं. मुख्य कव्वाल पन्नाशीचे, त्यांचा पुतण्या हार्मोनियमवर, एक ढोलकवाला आणि मागे टाळ्या देणारे तिघे. ऐकणारे फार तर ऐंशी. त्यातले निम्मे आसपासच्या वस्त्यांवरचे मराठा, धनगर शेतकरी, जे नवसाला येतात आणि कव्वाली संपेपर्यंत हलत नाहीत.

मध्यरात्र जवळ आली तेव्हा त्यांनी एक फारसी मिसरा घेतला. मी उर्दू शिकवतो, तरी मला तो अर्धाच कळला. माझ्यापुढे आमच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे चाचा बसले होते. त्यांनी जन्मभर जिनिंगमध्ये हमाली केली. फारसीचा एक शब्द त्यांना येत नसावा. ते एकाएकी रडायला लागले, मग मान डोलवायला लागले. कव्वालांनी हे पाहिलं आणि पुढची ओळ घेतलीच नाही. तोच मिसरा पुन्हा, पुन्हा, कधी वरच्या सुरात, कधी नुसत्या ढोलकीवर. ज्या ओळीवर कुणाला हाल येतो ती ओळ तो सावरेपर्यंत सोडायची नाही, हा जुना कायदा आहे. दहा-बारा मिनिटांनी चाचा शांत झाले, डोळे पुसले, खिशातून वीसची नोट काढून मुजावरांच्या हातात दिली. मुजावरांनी ती कपाळाला लावून कव्वालांपुढे ठेवली. मग पुढची ओळ.

मे महिन्यात कळलं की हीच पार्टी जिल्ह्याच्या ठिकाणी एका शादीखान्यात येणार आहे. तिकीट शंभर रुपये. मी शाळेतल्या मराठीच्या सरांना आणि माझ्या नववीतल्या मुलाला हट्टाने घेऊन गेलो. वाटेभर त्या रात्रीचं वर्णन केलं. आत दोनशे खुर्च्या, स्टेजवर लाल-निळे दिवे, ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड, आणि हार्मोनियमवाला पुतण्या आज कीबोर्डवर. कव्वालांच्या अंगावर चमकी लावलेली शेरवानी. सुरुवातीला हम्द-नात झाली, पण अर्ध्या तासात फर्माइशी सुरू झाल्या आणि मग सिनेमातल्या कव्वाल्या, सासू-सुनेचे विनोद, उडणाऱ्या नोटा. तो फारसी मिसराही आला. दोनदा म्हटला आणि सोडला. मुलाने मला विचारलं, "अब्बा, हेच का ते?"

मला राग आला होता. मध्यंतरात मागच्या बाजूला चहा घेत बसलेल्या कव्वालांना गाठून मी म्हणालो, "उस्ताद, त्या रात्री तुम्ही काय गायलात आणि आज हे काय?" मास्तरकीची सवय, दुसरं काय.

ते चिडले नाहीत. म्हणाले, "सर, आम्ही तेच आहोत. ते चाचा कुठे आहेत, दाखवा. आज एकजण जरी तसा बसलेला असता तरी मी तो मिसरा सोडला नसता. दर्ग्यावर सहाजणांत तीन हजार आठशे मिळाले, गाडीचं डिझेल त्यातूनच. तिथे माझे दादा हाजिरी द्यायचे म्हणून आम्ही येतो. इकडचे असे पाच-सहा प्रोग्राम झाले की तिकडचं एक परवडतं."

परतताना मराठीचे सर गाडीत म्हणाले, "म्हणजे तमाशाच्या फडासारखंच की, यात्रेतला वेगळा आणि थिएटरातला वेगळा." मी काही बोललो नाही. घरी आल्यावर मात्र पुस्तकं काढली, कारण मला माझंच म्हणणं सिद्ध करायचं होतं: दर्ग्यातली कव्वाली अस्सल आणि स्टेजवरची नक्कल.

ते सिद्ध झालं नाही. कव्वाली हा शब्द 'कौल' या अरबी शब्दातून आला, म्हणजे वचन. ज्या चिश्ती सूफींनी हिंदुस्थानात ही परंपरा रुजवली त्यांतले सर्वांत मोठे हजरत निजामुद्दीन औलिया. त्यांचं निधन 1325 साली दिल्लीत झालं. त्यांची संभाषणं अमीर हसन सिजजी या शायराने 'फवाइद-उल-फुआद' नावाने लिहून ठेवली. हे हसन पुढे दख्खनला आले आणि त्यांची कबर आपल्या खुलदाबादेत आहे. हजरत निजामुद्दीन समा ऐकत, पण वाद्यं त्यांना पसंत नव्हती. म्हणजे त्यांच्या मोजपट्टीवर माझी ती ओढ्याकाठची रात्रही नापास. आणि ज्या हार्मोनियमच्या सुराला मी जुनं, अस्सल म्हणत होतो, तो तर फ्रान्समधला पाहुणा. पॅरिसमध्ये 1842 साली त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि मांडी घालून वाजवायची हातपेटी पुढे 1870 च्या दशकात कलकत्त्यात तयार झाली. पूर्वी त्या जागी सारंगी असे. हार्मोनियमला दीडशे वर्षं झाली म्हणून तो पाक, आणि कीबोर्ड परवा आला म्हणून नापाक, हे मी कुठल्या तोंडाने म्हणणार?

स्टेजही तितकं नवं नाही. 1945 च्या 'झीनत' सिनेमातली बायकांची कव्वाली गाजली. 1958 च्या 'अल हिलाल'मधून इस्माईल आझाद घराघरात पोहोचले, दोन वर्षांनी 'बरसात की रात' आला. त्या काळात मुंबईत कव्वालीचे मुकाबले तिकीट लावून होत. आमचे अब्बा ते ऐकून आल्याचं अभिमानाने सांगायचे. ते दर्ग्यावर डोळे मिटून बसायचे आणि मुकाबल्यात शिट्ट्या मारायचे. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं.

आमचे एक साडू म्हणतात, हे सगळंच हराम. दर्गा काय आणि शादीखाना काय. गेली चार वर्षं ते उर्साला येत नाहीत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण हा वाद त्यांनी आज काढलेला नाही एवढं त्यांना ठाऊक असावं असं वाटतं. गियासुद्दीन तुघलकाच्या काळात याच प्रश्नावर हजरत निजामुद्दीनना उलेमांच्या सभेपुढे उभं राहावं लागलं होतं. समावर बंदी आली नाही. पुढे मुहम्मद बिन तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीकरांना दौलताबादला आणलं, त्यांत निजामुद्दीनांचे मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब होते. समाची त्यांना इतकी ओढ की त्यांच्या मंडळींच्या डोलण्याच्या ढंगाला 'बुऱ्हानी' म्हणत. 1337 साली ते गेले, खुलदाबादेतच त्यांचा दर्गा आहे. त्यांच्यानंतरचे जैनुद्दीन शिराजी हे आधी समावर आक्षेप घेणारे आलिम होते आणि नंतर त्यांचेच मुरीद झाले, असं सांगितलं जातं. स्वतःच्या दरबारातलं गाणं बंद केलेला औरंगजेब 1707 साली दफन झाला तो याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात. आमच्या साडूंची आणि माझी जागा अशी शेजारीशेजारीच आहे.

या वाचनात एक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. इमाम गजाली (निधन 1111) यांनी 'इह्या-उल-उलूम'मध्ये समावर एक पूर्ण भाग लिहिला आहे. त्यात हजरत जुनैद बगदादींच्या हवाल्याने तीन अटी येतात: जमान, मकान, इख्वान. वेळ, जागा आणि सोबत बसणारी माणसं. या तीन नसतील तर समा ऐकू नये. यात गाणाऱ्याच्या गळ्याची अट नाही. शादीखान्याच्या मागे चहाचा कप हातात धरून उस्ताद मला हेच सांगत होते. त्यांनी गजाली वाचले असतील असं नाही. मी बीएड केलं, उर्दू शिकवतो, तरी मीही ते पान तोवर उघडलं नव्हतं. आणि त्या हॉलमध्ये माझ्यासह दोनशे माणसं होती. तो मिसरा आला तेव्हा मीही मोबाईलवर रेकॉर्डिंगच करत होतो.

यंदाचा उर्स जवळ आला आहे. चांद्र वर्षामुळे तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकून ऐन दहावीच्या परीक्षेत येतोय. कमिटीच्या बैठकीत दोघांनी कव्वाली यंदा नकोच म्हटलं. एकाने खर्चाचं कारण दिलं, दुसऱ्याने साडूंचं. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरही चालणार नाही. शेवटी ठरलं ते असं की पोलीस ठाण्याला द्यायचा अर्ज मी मराठीत लिहावा आणि पार्टीला मीच विचारावं. उस्तादांना फोन केला. स्पीकर दहाला बंद करावा लागेल, नजराणा गेल्या वर्षीइतकाही जमेल की नाही, सांगता येत नाही, हे सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "दादांच्या वेळी कुठे माईक होता? लोकांना जरा जवळ बसवा म्हणजे झालं. आणि सर, ते चाचा आहेत ना?"

चाचा आहेत. हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. मुलगा म्हणाला, आणू खाटेवर घालून.